रीसेटची घाई नको

अपडेटनंतर ॲप उघडताच बंद पडतात म्हणून फोन थेट फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा, हा सल्ला कृपया लगेच अमलात आणू नका. इथे सांगलीत मार्केट यार्डातल्या कितीतरी जणांच्या हळदीच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या), येणी-देणी, सगळं व्हॉट्सॲपवरच असतं. बॅकअप नसेल तर ते गेलंच समजा.

आधी बघा, एकच ॲप बंद पडतंय की बरीच? बरीच असतील तर पहिला संशय 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू'वर घ्या. ॲपच्या आत वेबपान दाखवायला अनेक ॲप हाच घटक वापरतात, त्यामुळे तो बिघडला की सगळी एकदम कोसळतात. मार्च २०२१मध्ये जगभर नेमकं हेच झालं होतं. वेबव्ह्यू आणि क्रोम प्ले स्टोअरवरून अपडेट केल्यावर ॲप पुन्हा सुरळीत चालू लागली.

एकच ॲप असेल तर ते अपडेट करा, फोन रीस्टार्ट करा, नाहीच जमलं तर सेटिंग्जमधून त्याचा कॅशे (ॲपने साठवलेली कामचलाऊ माहिती) पुसा. पण तिथेच 'क्लिअर डेटा'ही असतं, ते दाबताना फार सांभाळा! कॅशे तात्पुरता असतो. डेटाबरोबर त्या ॲपचं लॉगिन आणि ॲपच्या आत साठवलेलं सगळं जातं. बँकेच्या ॲपची तर नोंदणीच बहुधा नव्याने करावी लागते, त्यासाठी नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं.