मदत हवी आहे: कयाकिंगसाठी सुरी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. हिडकल जलाशयात कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) चालवतो, पावसाळ्यानंतर गणेशगुडीला काळी नदीच्या वाहत्या पाण्यात उतरायचं आहे. हिडकलच्या फुगवट्यात मासेमारीची नायलॉनची जाळी असतात, वल्हं अडकेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून लाइफ जॅकेटवर बसणारी सुरी हवी.

घडीची सुरी वापरून पाहिली. ओल्या बोटांनी उघडतच नाही, नख खाचेतून निसटतं. सरळ धार ओल्या दोरीवर नुसती घसरते. त्यामुळे न मिटणारं पातं, दातेरी धार आणि बोथट टोक एवढं ठरलंय. टोकदार नकोच, दुसऱ्याच्या अंगाला बिलगलेली दोरी कापताना भोसकायची भीती. पाणी गोडं, तेव्हा गंजाची फार चिंता नाही. बजेट २,००० रुपयांपर्यंत. मी डावखुरा आहे.

घोडं अडलंय म्यानापाशी. घट्ट असेल तर एका हाताने सुरी निघत नाही, सैल असेल तर कयाक उलटल्यावर ती थेट तळाला. वाहत्या पाण्यात नेहमी उतरणाऱ्यांनी सांगा: म्यान जॅकेटवर नेमकं कुठे आणि मूठ कोणत्या दिशेला ठेवता? आणि सुरीऐवजी नुसता आकड्यासारखा दोरी-कटर घेतला, तर थ्रो बॅगची (पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या दोरीच्या पिशवीची) जाड दोरी त्याने तुटते का?