नागपूरच्या बर्डीत ३२ हजारांत ‘आय७ गेमिंग पीसी’, घेऊ का?

सक्करदऱ्याचा_गेमर: लहान भावाला गेमिंग पीसी घ्यायचा आहे. बजेट ३५ हजार, मॉनिटर घरी आहे. बर्डीत एकाने ३२ सांगितले: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, काचेची कॅबिनेट, लाईटवाले पंखे. व्हॅलोरंट अन् जीटीए ५ हे गेम चालले पाहिजे. फसून तर नाही राहिलो ना?

तर्री_पोहे: ३५ मध्ये काय येते बावा! ७० कर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड टाक. माझ्याकडे तेच आहे, मख्खन चालते.

जुना_खिळा: आय७ कितव्या पिढीचा? पूर्ण नंबर पावतीवर लिहून माग. २६०० निघाला तर तो २०११ चा आहे. कार्डाचंही नाव विचार, जीबी नको. ४ जीबीची जीटी ७३० बरेचदा डीडीआर३ वाली, म्हणजे हळू मेमरीची असते. जीटी १०३० तर एकाच नावाने दोन येतात, जीडीडीआर५ अन् डीडीआर४. दुसरीचा मेमरीचा वेग पहिलीच्या निम्माही नाही.

कूलरची_खस: नागपूरच्या मे महिन्यात काचेची कॅबिनेट? समोरून जाळी पाहिजे. आमचा पीसी कूलरच्या झोतात होता, पोर्टांना गंज चढला.

तर्री_पोहे: कूलरसमोर ठेवलाच काऊन बे?

कूलरची_खस: एका खोलीत चौघं झोपतो, महाराज. एसीवाल्यांना नाही समजणार.

महाल_२३: पॉवर सप्लायचं कोणीच बोलून नाही राहिलं. मला कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळाला होता. डब्यावर ५०० वॅट, हातात घेतला तर रिकाम्या टिफिनएवढा हलका. आठव्या दिवशी फट्ट! मदरबोर्डही घेऊन गेला.

सक्करदऱ्याचा_गेमर: विचारलं. आय७-२६००, जीटी ७३०. पण व्हॅलोरंटवाल्यांच्या यादीत ७३० आहे म्हणे.

जुना_खिळा: आहे, खोटं नाही. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अन् सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा) लागतं. त्या जुन्या मदरबोर्डावर टीपीएम २.० नाही; दुकानदार विंडोज ११ जुगाड करून टाकेल अन् गेम उघडणारच नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यापेक्षा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घे, त्यात ग्राफिक्स आतच असतात, कार्ड आत्ता नकोच. रॅम ८-८ च्या दोन काड्या. त्यातले ग्राफिक्स रॅमवरच चालतात, एका काडीत अर्धा दम जातो. पैसे जमले की आरएक्स ६६०० कार्ड लाव.

तर्री_पोहे: म्हणून म्हटलं, कितव्या पिढीचा ते विचार.

जुना_खिळा: तू कधी म्हटलं?

सक्करदऱ्याचा_गेमर: घेतला. तोच. दुकानदार आत्याचे दीर निघाले, आईसमोर नाही म्हणता नाही आलं. दोन हजार कमी केले अन् विंडोज १० टाकून दिलं. भाऊ लाईटच पाहत बसला आहे. फक्त जीटीए फार अडकून राहिलं.

महाल_२३: मॉनिटरची केबल कुठे लावली? मदरबोर्डात असेल तर काढ, खाली कार्डात लाव, नाहीतर कार्ड नुसतं बसून राहते.

सक्करदऱ्याचा_गेमर: …मदरबोर्डात होती.