वेबमालिका यशस्वी झाली, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे?

(चौघांची चर्चा; प्रत्येकाचे टोपणनाव त्याच्या मजकुराच्या वर आहे.)

सह्यकडा

नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार ‘लंपन’ या मराठी मालिकेला मिळाला. प्रकाश नारायण संत यांच्या कथांवर आधारलेली, निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेली आणि त्याच वर्षी मे महिन्यात सोनी लिव्हवर आलेली ही मालिका अंतिम पाचांत ‘कोटा फॅक्टरी’, ‘काला पानी’, ‘ज्युबिली’ आणि तमिळ ‘अयली’ यांच्या पंक्तीला होती. पुरस्कारानंतर तिच्याविषयी बोलताना एक वाक्य मात्र वारंवार कानी पडले, ते म्हणजे “चांगली आहे, पण चालली नाही.” हे कशावरून म्हणता, असे विचारले की उत्तर एवढेच मिळते की आमच्याकडे तिच्याविषयी कोणी बोलत नव्हते.

वाहिनीवरील मालिकेबाबत असे अंदाजाने बोलावे लागत नाही. तेथे निवडक घरांत बसवलेल्या मापकयंत्रांवरून बार्क ही प्रेक्षकमोजणी संस्था दर आठवड्याला टीआरपी काढते आणि सगळ्या वाहिन्यांना एकच पट्टी लावते. २०२० मध्ये उघडकीस आलेल्या टीआरपी घोटाळ्यानंतर त्या पद्धतीवरचा विश्वास डळमळीत झाला हे खरे, तरी मोजणारा आणि मोजला जाणारा हे तेथे निदान वेगळे असतात. वेबमालिकेच्या बाबतीत मंच, म्हणजे सोनी लिव्ह किंवा नेटफ्लिक्ससारखी ऑनलाइन सेवा, स्वतःच मालिका बनवून घेतो, स्वतःच प्रेक्षक मोजतो आणि सोयीचे वाटले तरच आकडा सांगतो.

नेटफ्लिक्सचे उदाहरण घ्या. २०१९ पर्यंत एखाद्या भागाचा सत्तर टक्के हिस्सा पाहिला गेला, तरच ते खाते त्या मालिकेचे प्रेक्षक धरले जाई. जानेवारी २०२० मध्ये ही अट केवळ दोन मिनिटांवर आली, आणि या बदलाने आकडे सरासरी पस्तीस टक्क्यांनी फुगतात, हे कंपनीने भागधारकांना लिहिलेल्या पत्रातच नमूद होते. नोव्हेंबर २०२१ पासून पाहिलेले एकूण तास जाहीर होऊ लागले. जून २०२३ पासून त्या तासांना मालिकेच्या लांबीने भागून येणारी संख्या ‘पाहणी’ म्हणून सांगितली जाऊ लागली आणि आजवर सर्वाधिक पाहिल्या गेलेल्यांच्या यादीसाठी पहिल्या अठ्ठावीस दिवसांऐवजी एक्याण्णव दिवसांची मुदत आली. साडेतीन वर्षांत पट्टी तीनदा बदलली, आणि प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांनी नवा आकडा यशाचा पुरावा म्हणून छापला.

माझे मत असे आहे की वेबमालिकेचे यश तीन गोष्टी एकत्र ठेवून ठरवावे. ती किती खर्चात झाली, कोणत्या प्रेक्षकासाठी झाली, आणि त्या प्रेक्षकांपैकी किती जणांनी ती शेवटपर्यंत पाहिली. सीमाभागातील आजोळी वाढणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगणारी मराठी मालिका हिंदी गुन्हेगारी मालिकेच्या प्रेक्षकसंख्येशी ताडून अपयशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

गणकयंत्र

सह्यकडा यांच्या मांडणीतील माहिती योग्य आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. “ती तिच्या प्रेक्षकासाठी होती” हे विधान खोटे ठरवता येईल असा एकही मार्ग त्यांनी ठेवलेला नाही. पन्नास हजार जणांनी पाहिलेल्या मालिकेचा निर्माता म्हणेल की ती पन्नास हजारांसाठीच होती. पाच हजारांनी पाहिली तर तो तो आकडा खाली आणील. हेतू मालिका येण्यापूर्वी जाहीर झालेला नसेल, तर नंतर सांगितलेला हेतू हे समर्थन असते, मापन नव्हे.

मोजणारा वेगळा असावा, हा आक्षेपही अर्धाच आहे. बार्क ही संस्था प्रसारक, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांनीच मिळून उभी केलेली आहे. दुसरे असे की, वेबमालिकांसाठी बाहेरचे मापन अगदीच नाही असेही नाही. ऑरमॅक्स मीडिया ही संशोधन कंपनी दर आठवड्याला भारतात सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या वेबमालिकांचे अंदाज देते. त्यासाठी एक तरी पूर्ण भाग पाहिलेला प्रेक्षक धरला जातो आणि सर्व मंचांना हीच कसोटी लागते. हा सर्वेक्षणावरचा अंदाज आहे, मोजदाद नव्हे, हे मान्य. तरीही “आमच्याकडे कोणी बोलत नव्हते” यापेक्षा तो पुष्कळ भरवशाचा आहे.

खर्चाचा मुद्दा मात्र मी उचलून धरतो, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. २०२३ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सचे सहप्रमुख टेड सॅरंडॉस यांनी एका मुलाखतीत सांगितले होते की यशस्वी मालिका आम्ही कधीही बंद केलेली नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार बंद पडलेल्यांपैकी अनेक मालिका फार मोठ्या खर्चात फार थोड्या लोकांशी बोलत होत्या. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांनीही नेटफ्लिक्सवरच्या आपल्या ‘माइंडहंटर’ मालिकेविषयी हेच सांगितले, की मालिका खूप खर्चीक होती आणि त्या खर्चाला पुरेल इतका प्रेक्षक आला नाही. ती मालिका उत्तम आहे, हे मी स्वतः म्हणतो. ती यशस्वी झाली, असे मात्र म्हणणार नाही. या दोन विधानांत विरोध नाही, आणि मराठी चर्चेत आपण ती सतत एकमेकांत मिसळतो.

पडद्याआड

मी ध्वनिसंकलनाचे काम करते. दैनंदिन मालिकांचे केले, गेली काही वर्षे वेबमालिकांचे करते. दोन्ही प्रतिसादांत मालिका बनवणारी माणसे दिसली नाहीत, म्हणून लिहीत आहे.

वाहिनीवरच्या मालिकेत गुरुवारी आकडा आला की तो सगळ्यांना कळतो. लेखकाला कळतो, कलाकाराला कळतो, आमच्यासारख्या तंत्रज्ञांनाही कळतो. त्यावरून कथानक वळवले जाते, जे मला अनेकदा वाईट वाटले आहे, पण निदान आपण कोठे उभे आहोत हे माहीत असते. वेबमालिकेचे काम संपले, की त्यानंतर आमच्यापर्यंत येतो तो केवळ एखादा संदेश, “प्रतिसाद फार छान आहे.” याच शब्दांत अभिनंदन झालेल्या एका मालिकेचे दुसरे पर्व काही महिन्यांनी रद्द झाले. का, हे दिग्दर्शकालाही सांगितले गेले नाही.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये पटकथालेखकांचा संप १४८ दिवस चालला, आणि त्यातून सुटलेल्या प्रश्नांपैकी एक नेमका हा होता. नव्या करारानुसार एखादी मालिका पहिल्या नव्वद दिवसांत मंचाच्या देशांतर्गत सदस्यांपैकी वीस टक्क्यांइतक्या पाहण्या मिळवत असेल, तर लेखकांना ठरलेल्या पुनर्मानधनाखेरीज (मालिका दाखवली जात राहिल्याबद्दल मिळणाऱ्या रकमेखेरीज) अधिलाभ, म्हणजे बोनस, द्यावा लागतो. त्यासाठी कंपन्यांना पाहिलेल्या तासांचे आकडे गोपनीयतेच्या अटीवर का होईना, लेखकांच्या संघटनेला द्यावे लागतात. यश म्हणजे काय याची व्याख्या तेथे वाटाघाटींच्या टेबलावर बसून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी ठरली.

आपल्याकडे बहुतेक लेखकांना ठरलेली रक्कम एकदाच मिळते. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने लेखकांचा स्वामित्वधनाचा हक्क बळकट केला. पण किती लोकांनी पाहिले हेच ठाऊक नसेल, तर हक्काची रक्कम काढायची कशावरून? त्यामुळे गणकयंत्र, आकडा महत्त्वाचा आहे याबाबतीत मी आपल्या बाजूची आहे. परंतु तो आकडा एकाच पक्षाच्या कपाटात असताना त्याला मापन म्हणणे मला जमत नाही.

वऱ्हाडी वाचक

मला मुदतीचा मुद्दा पुढे न्यायचा आहे. अठ्ठावीस काय किंवा एक्याण्णव काय, या मुदती मंचाला पुढच्या पर्वाचा निर्णय घ्यायला सोयीच्या आहेत, मालिकेच्या आयुष्याशी त्यांचा संबंध नाही. ‘सूट्स’ ही अमेरिकी मालिका २०११ मध्ये सुरू होऊन २०१९ मध्ये संपली होती. २०२३ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली आणि नील्सन या प्रेक्षकमोजणी कंपनीच्या मोजणीनुसार त्या वर्षात अमेरिकेत तिचे ५,७७० कोटी मिनिटे प्रेक्षण झाले, जो तोवरचा वार्षिक विक्रम होता. संपल्यानंतर चार वर्षांनी!

मराठीत हे अधिकच लागू पडते, कारण आपल्याकडे प्रसिद्धीवर खर्च कमी होतो आणि मालिका पोहोचते ती एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे, सावकाश. शिवाय मोजणीत खाते धरले जाते, माणसे नव्हेत. आमच्या घरी ‘लंपन’ दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लागली तेव्हा समोर सहा जण बसलेले होते. सासूबाईंनी संतांच्या कथा पूर्वीच वाचलेल्या असल्याने त्या मध्येच थांबवायला लावून मुलांना पुढचा प्रसंग सांगत, आणि तिकडे मंचाच्या नोंदीत एकच प्रेक्षक, तोही पुन्हा पुन्हा थांबणारा, जमा होत होता. एकत्र बसून पाहण्याजोग्या मालिकांची मोजणी या पद्धतीत कायमच कमी होणार; मोबाइलवर एकेकट्याने पाहायच्या मालिकांची होणार नाही.

गणकयंत्र

वऱ्हाडी वाचक, खाते आणि माणसे यांतील फरकाचा आपला मुद्दा रास्त आहे, आणि ऑरमॅक्ससारखे माणसांचे सर्वेक्षण मी महत्त्वाचे मानतो ते त्याचसाठी. पण ‘सूट्स’चे उदाहरण आपल्या बाजूने साक्ष देत नाही. ती मुळात अमेरिकेतील केबल वाहिनीवर नऊ पर्वे चाललेली मालिका होती. प्रेक्षक नसते, तर ती दुसऱ्याच पर्वात बंद झाली असती. सावकाश पोहोचून पुढे मोठ्या झालेल्या मालिकेचे उदाहरण म्हणून ‘पंचायत’ घ्या. २०२० मध्ये ती गाजावाजा न करता आली, २०२३ मध्ये तिच्या दुसऱ्या पर्वाला इफ्फीचा हाच वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला, आणि तिची पुढची पर्वे देशातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मालिकांत गणली गेली. उत्तर प्रदेशातील एका खेड्याची, कोणत्याही खून-मारामारीवाचून सांगितलेली गोष्ट एवढी पाहिली जाते. तेव्हा साधी, हळुवार मालिका म्हणजे थोडा प्रेक्षक हे गृहीत धरण्याचे कारण नाही.

आणि मराठीच्या भल्याचा विचार केला, तर मी अधिकच आग्रहाने म्हणेन की आकडा मागा. मंचाच्या कार्यालयात मराठी मालिकेचा प्रस्ताव जातो तेव्हा समोर बसलेल्या माणसाला पुरस्काराचे छायाचित्र दाखवून भागत नाही. ‘समांतर’ ही मराठी वेबमालिका २०२० मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिचे दुसरे पर्व आले. दुसरे पर्व मिळणे, ही बाहेरून दिसणारी सर्वांत प्रामाणिक खूण आहे, कारण त्यात कोणाचे तरी पैसे पुन्हा गुंतलेले असतात.

सह्यकडा

दुसऱ्या पर्वाची खूण मला पुरेशी वाटत नाही. ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका मार्च २०२५ मध्ये आली, प्रत्येक भाग एका सलग चित्रीकरणात घेतलेला, आणि ती चार भागांतच पूर्ण होते. पुढचे पर्व हेच प्रमाण मानले, तर गोष्ट संपवण्याचे धाडस करणाऱ्या प्रत्येक लेखकाला आपण अपयशी ठरवू. संतांच्या कथांनाही त्यांची स्वतःची लांबी आहे.

आता ‘खोटे ठरवता येत नाही’ या मुख्य आक्षेपाविषयी. खोटे ठरवता येईल असा आकडा अस्तित्वात आहे, तो केवळ आपल्याला दाखवला जात नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या संसदेतील हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीला दिलेल्या लेखी उत्तरात नेटफ्लिक्सने सांगितले होते की ते प्रेक्षकांचे तीन गट करतात: सुरुवात करणारे, एखाद्या भागाचा सत्तर टक्के हिस्सा पाहणारे, आणि पर्वाचा नव्वद टक्के हिस्सा संपवणारे. यांपैकी पहिला आणि तिसरा आकडा सात आणि अठ्ठावीस दिवसांनी निर्मात्यांना कळवला जातो, असेही त्यांनी म्हटले होते. म्हणजे मी मागतो आहे ती माहिती रोज गोळा होते.

तिची गरज का आहे, ते एका साध्या हिशेबाने दाखवतो. सहा तासांच्या मालिकेचे सहा कोटी तास पाहिले गेले, तर जाहीर होणारी संख्या येते एक कोटी. आता एक कोटी लोकांनी ती पूर्ण पाहिली असेल तरी उत्तर तेच, आणि दोन कोटी लोकांनी अर्ध्यावर सोडून दिली असेल तरी उत्तर तेच. पहिली मालिका लोकांना धरून ठेवते, दुसरी जाहिरातीने गोळा केलेला प्रेक्षक गमावते. जाहीर यादीत मात्र दोघी शेजारी बसतात. गणकयंत्र, आपण ज्याला मापन म्हणता त्याला हा भेद दिसतच नाही. ऑरमॅक्सची एका भागाची अटही तो दाखवू शकत नाही.

खर्चाचेही तसेच. २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’विषयीची नेटफ्लिक्सची अंतर्गत कागदपत्रे ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या हाती लागली, तेव्हा कळले की सुमारे २.१४ कोटी डॉलर खर्चाच्या त्या मालिकेचे मूल्य कंपनी स्वतःच्या हिशेबात जवळपास ९० कोटी डॉलर धरत होती. म्हणजे मंच स्वतः निर्णय घेताना खर्च आणि मूल्य शेजारी ठेवतात, आणि लोकांना मात्र फक्त गर्दी सांगतात.

पडद्याआड

सह्यकडा, हिशेब पटला, पण एक इशारा द्यावासा वाटतो. शेवटपर्यंत पाहणाऱ्यांचा आकडा जाहीर झाला, की कामाची पद्धत त्याच्याभोवती वळेल. आजच पहिल्या भागातील पहिल्या काही मिनिटांत काहीतरी घडलेच पाहिजे, असा आग्रह संकलनाच्या टेबलावर ऐकू येतो. मी स्वतः एका भागाच्या आरंभीचा विहिरीवरचा रहाटाचा आवाज, जो नुसता ऐकू यावा म्हणून लेखकाने संहितेत लिहिला होता, सांगण्यावरून काढून तेथे पार्श्वसंगीत घातले आहे. उद्या प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठा हवी, असा हुकूम निघेल, कारण शेवट गाठणारे मोजले जाणार. म्हणून आकडा निर्मात्यांना, लेखकांना आणि त्यांच्या संघटनांना अगोदर मिळावा, जाहीर यादीत नंतर.

गणकयंत्र

शेवट गाठणाऱ्यांचा आकडा प्रसिद्ध व्हावा, ही मागणी मलाही मान्य आहे, मात्र तो टक्क्यांत नव्हे तर माणसांच्या संख्येत. दहा हजार जणांनी सुरू केलेली मालिका आठ हजारांनी संपवली, तर ते ऐंशी टक्के होतात. दहा लाखांनी सुरू केलेली चार लाखांनी संपवली, तर चाळीस. सह्यकडा पहिलीला अधिक यशस्वी म्हणतील, मी दुसरीला म्हणेन, आणि येथे आपला मतभेद शिल्लकच राहतो. पडद्याआड यांच्या सूचनेला मात्र माझा विरोध आहे. जो आकडा संघटनेला मिळतो तो प्रेक्षकालाही मिळायला हवा, कारण वर्गणी तो भरतो.

वऱ्हाडी वाचक

टक्के आणि संख्या दोन्ही द्यायला काय हरकत आहे? आणि ते भाषेनुसार वेगळे द्यावेत. मराठी मालिका हिंदीत ध्वनिमुद्रित होऊन येते, तेव्हा ती मराठीत किती जणांनी संपवली आणि हिंदीत किती जणांनी, हे कळले तर निदान पुढच्या वेळी “मराठीला प्रेक्षक नाही” असे म्हणणाऱ्याला त्याच्या विधानाचा आधार विचारता येईल.