बेकरी काढायचीय, म्हणून पुण्यातली बिस्किटं चाखतोय. नक्की काय बघायचं?

धायरीकरीण
नमस्कार मंडळी. मी आणि माझी नणंद मिळून धायरीत छोटी बेकरी काढायचं चाललंय, पाव-ब्रेड सध्या नाही, फक्त बिस्किटं, नानकटाई, चोको चिप वगैरे कुकीज आणि हात बसला तर खारी. घरी ओटीजीत, म्हणजे छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये, करून ओळखीच्यांना देतो, लोकांना आवडतं पण ओळखीचे लोक चांगलंच म्हणणार ना, म्हणून ठरवलं की आधी पुण्यात काय काय विकलं जातं ते नीट चाखायचं. कॅम्पात जाऊन कयानी बेकरीची श्रूजबेरी (लोण्याची खुसखुशीत बिस्किटं) आणली, पेठांमधल्या जुन्या बेकऱ्यांतली नानकटाई आणि जिरा बिस्किटं आणली, सिंहगड रोडवरच्या नव्या दुकानांतल्या महागड्या कुकीज पण आणल्या. आता टेबलावर पुडेच पुडे आहेत आणि वहीत मात्र 'छान', 'ठीक', 'जास्त गोड' यापलीकडे काही लिहिता येत नाहीये. एक गोष्ट फक्त ठळक कळली, पेठेतल्या एका नानकटाईवर वरून बारीक भेगा होत्या, तोंडात टाकली की चावायच्या आधीच विरघळली आणि वेलदोडा अगदी शेवटी जाणवला. तशी आमची होत नाही, आमची घट्ट होते. तर ज्यांना या धंद्यातलं कळतं त्यांनी सांगा, चाखताना नेमकं काय बघायचं? आणि श्रूजबेरी ठेवावी का, की पुण्यात ती करायच्या भानगडीत पडूच नये?

भट्टीवाला
ताई, आमच्या घरची बेकरी होती, लहानपण भट्टीसमोरच गेलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी चहाशिवाय खा, नुसतं पाणी घेऊन. आणि एका बैठकीत तीन-चारच प्रकार, त्यापुढे जिभेला गोडाशिवाय काही कळत नाही.

पहिली गोष्ट फॅट. लोणी साधारण ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं म्हणजे तोंडात गेलं की पाणी होतं. वनस्पती तूप, म्हणजे डालडा, त्याच्यापेक्षा जास्त तापमानाला वितळतं, म्हणून डालड्याचं बिस्किट खाल्लं की टाळूला तुपकट थर राहतो, वर गार पाणी प्यायलात तर अजूनच कळतो. प्रत्येक बिस्किटासमोर हे लिहा, टाळू स्वच्छ राहिली की चिकट. मग बिस्किट मोडून आतलं बघा. जाळी बारीक आणि सारखी आहे का, मधे कच्चट पट्टा आहे का. उलटं करून बूड बघा, कडा करपलेल्या आणि मधे पांढरं असेल तर ओव्हन जास्त तापलेला होता. सोडा जास्त झाला की रंग गडद येतो आणि मागून साबणासारखी चव येते. बिस्किट फुगवायला अमोनिया वापरलाय आणि नीट भाजलं नाही तर पुडा उघडल्या उघडल्या नाकात जातो.

आता तुमची नानकटाई घट्ट का होते ते. बहुतेक तुम्ही डालड्याच्या रेसिपीत तेवढंच लोणी घालताय. वनस्पती जवळपास पूर्ण फॅट असतं, लोण्यात फॅट ८० टक्क्यांच्या आसपास आणि बाकी बरंचसं पाणी. १०० ग्रॅम वनस्पतीच्या जागी १२५ ग्रॅम लोणी धरा, नाहीतर सरळ साजूक तूप घ्या. लोण्यातलं पाणी मैद्यात गेलं आणि वर तुम्ही पीठ मळलंत की चिवटपणा येणारच. नानकटाईचं पीठ मळायचं नसतं, तूप आणि पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेटायची आणि मैदा फक्त गोळा होण्यापुरता मिसळायचा. साखर दळलेलीच घ्या, दाणेदार साखर भट्टीत वितळून बिस्किट पसरवते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आणलेल्या प्रत्येक पुड्यातली दोन बिस्किटं उघड्या ताटलीत रात्रभर ठेवा आणि सकाळी परत खा. साखर हवेतलं पाणी ओढते. ताजं बिस्किट सगळ्यांचं चांगलं लागतं, गिऱ्हाईक खातं ते चौथ्या दिवशीचं आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत. चाखायचं असेल तर पावसाळ्यात चाखा.

पेठेतली_आत्या
मी काही बेकरीवाली नाही, आयुष्यभर बिस्किटं विकत घेऊन खाल्लेली बाई आहे, पण चहाशिवाय खा हे मला पटलं नाही बाई. आमच्याकडे बिस्किट चहात बुडवल्याशिवाय कोण खातं? बुडवून बघा, किती वेळ टिकतं, की कपाच्या तळाशी गाळ होतो. खारीचे पदर चहात सुटले पाहिजेत पण तुटून पडायला नकोत. आणि पूर्वी दिवाळीच्या आधी नाहीतर मे महिन्यात आम्ही मैदा-साखर-तूप घरून डब्यात घेऊन बेकरीत जायचो, नानकटाई पाडून आणायचो, समोर बसून, पत्र्याचा डबा भरून. आजही असं कोणी करून दिलं तर मी धायरीपर्यंत रिक्षा करून येईन. बिनअंड्याचं वेगळं ठेवा, श्रावणात आणि चतुर्थीला पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

हिशोबी_कोथरूडकर
चव झाली, आता वजनकाटा काढा. प्रत्येक पुडा घरी मोजा, खोक्यासकट नाही, नुसतं बिस्किट. पाव किलोत किती नग बसतात आणि किलोला काय भाव पडतो हे दोन आकडे वहीत चवीच्या शेजारीच लिहा, म्हणजे महागड्या कुकीवाला नक्की कशाचे पैसे घेतोय ते दिसेल, बऱ्याचदा खोक्याचे असतात. बेकरीच्या वस्तूंवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झालाय त्यामुळे जुने हिशोब धरू नका. एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी खात्याचं, रजिस्ट्रेशन आधी करा मग विक्री. अंडं घातलं तर लेबलवर हिरवा ठिपका चालत नाही, तपकिरी त्रिकोण लागतो. मार्जरिन किंवा वनस्पती घेणार असाल तर ट्रान्स फॅटची (हृदयाला घातक फॅटची) मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे, सुटा माल घेऊ नका, पाकिटावर लिहिलेलं वाचून घ्या. मैदा-साखर मार्केट यार्डच्या भुसार विभागातून, डबे-पिशव्या बोहरी आळीतून.

श्रूजबेरीचं माझं मत, ठेवू नका. कयानी १९५५ पासून आहे, पुण्यात ते बिस्किट म्हटलं की लोकांच्या जिभेवर तीच चव येते आणि तुमचं कितीही चांगलं झालं तरी तुलना होणारच.

धायरीकरीण
खूप खूप आभार सगळ्यांचे. भट्टीवाला दादा, अगदी बरोबर ओळखलंत, रेसिपी आईची डालड्याची आणि आम्ही तेवढंच अमूल बटर घालत होतो, वर कणकेसारखं मळत पण होतो. उद्याच तुपात करून बघते. आत्या, घरचं सामान आणून नानकटाई पाडून देण्याची कल्पना नणंदेला इतकी आवडली की ती आत्तापासून दर ठरवायला बसलीय. चहाचं पण करतो, एकदा कोरडं आणि एकदा बुडवून. श्रूजबेरी यादीतून काढली. जिरा बिस्किटाला तूप घेऊ की लोणी?

भट्टीवाला
जिऱ्याला लोणी, तुपाचा वास जिऱ्याला दाबतो. पण साधं अमूल बटर खारट असतं, तेव्हा एकतर बिनमिठाचं आणा किंवा रेसिपीतलं मीठ कमी करा. आणि आत्यांसारख्या गिऱ्हाइकांचं घरचं सामान घ्याल तेव्हा तूप आधी हुंगून घ्या, जुनं खवट तूप घेऊन येणारे पण असतात आणि मग बिस्किट बिघडलं की नाव बेकरीचं होतं. तिथल्या तिथे सांगायचं, काकू हे चालणार नाही, आमचं तूप घालू का, आणि त्याचा भाव आधीच पाटीवर लिहून ठेवायचा.