तालुका वार्ताहर म्हणून चालू ठेवू की पुण्याला शिकायला जाऊ?

औसेकर२३: नमस्कार. बीए मराठी झालंय. आठ महिन्यांपासून एका दैनिकाचं औसा तालुक्याचं काम बघतो. ओळखपत्र मिळालं, मानधन नाही. जाहिरात आणली तर पंधरा टक्के. रोज तीन-चार बातम्या मोबाइलवर टाइप करून पाठवतो. छापून येतात किंवा येत नाहीत, चुकलं कुठे ते कुणी सांगत नाही. मागच्या महिन्यात एका सरपंचांच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात घेतली. परवा त्यांच्याच गावच्या बायका नळाला पाणी नाही म्हणून माझ्याकडे आल्या. बातमी लिहिलीय, पाठवलेली नाही. घरचे म्हणतात, पुण्याला जाऊन रीतसर शीक. काय करू?

रातपाळी: आधी ती पाण्याची बातमी पाठवा, मग बाकीचं वाचा.

मी मराठवाड्यात बावीस वर्षं पेपरच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावायच्या कामावर होते, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. आमच्याकडे ६ जानेवारीला 'दर्पण'कार बाळशास्त्रींच्या फोटोला हार घालायचे आणि त्याच बैठकीत २६ जानेवारीच्या पुरवणीच्या जाहिरातींचं टार्गेट तालुक्यांना वाटून द्यायचे. पेढा हातात असतानाच आकडा कानावर पडायचा. वार्ताहराकडून लिहूनही घ्यायचे, की माझा मुख्य व्यवसाय शेती, पत्रकारिता आवड म्हणून करतो. यातली मेख अशी होती, की १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्यात अर्धवेळ माणूसही बसायचा, पण पत्रकारिता हा त्याचा मुख्य व्यवसाय असावा लागायचा. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया आयोगाची वेतनश्रेणी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली उचलून धरली, तेव्हा आमच्या तालुक्यांच्या फायलीत हे 'आवड'वाले कागद आधीच लागलेले होते. तुमच्याकडून काय लिहून घेतलंय ते एकदा वाचून बघा.

आता शिकण्याचं. मी कोर्स केला नव्हता. शिकले ती एका जीप अपघातामुळे. रात्री अकराला तालुक्याहून फोन, चार ठार. पान सोडायला वीस मिनिटं. मी पोलीस ठाण्यात फोन लावला, अंमलदारांनी चार नावं वाचून दाखवली, मी उतरवून घेतली. खात्री केली याचा आनंदच होता मला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकजण घडी घातलेला पेपर घेऊन ऑफिसात आला. चौथं नाव त्याच्या भावाचं. भाऊ सिव्हिलला शुद्धीवर होता, आणि घरी तीन गावांचे पाहुणे टेम्पो करून मातीला आलेले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "हे नाव कुणी सांगितलं?" अंमलदारांनी वाचली ती अँब्युलन्समध्ये घातलेल्यांची यादी होती. खुलासा आम्ही दुसऱ्या दिवशी पान पाचवर तळाला दिला, दोन ओळी.

त्यानंतर मृत्यूच्या प्रत्येक बातमीला मी एकच जादा प्रश्न विचारायचे: मृतदेह ओळखला कुणी? नवीन पोरं वैतागायची.

तेव्हा जाऊ का, याचं उत्तर असं: जिथे कुणी तुमची कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, तुमच्यासमोर बसून फाडेल तिथे जा. मग ते कॉलेज असो नाहीतर जिल्हा ऑफिस.

पान_सात: मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटची, पत्रकारिता तिथेच केली. लिहायला तिथे शिकले असं म्हणणार नाही, पण कायदा शिकले. पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ आमच्या सरांनी अक्षरशः पाठ करून घेतलं. मुलीचं नाव छापत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. पण शाळा, घरचे लोक, गल्ली, ओळख पटेल असं काहीच द्यायचं नसतं. तालुक्याच्या बातम्यांत 'अमुक गावच्या पोस्टमनची मुलगी' असं सर्रास येतं. गावात पोस्टमन एकच असतो हो!

किराणा_आणि_बातमी: रातपाळी ताई, पटलं, पण जाहिरात नाही घेतली तर पेट्रोल कोण टाकणार? मी चौदा वर्षं दुकान सांभाळून हे करतोय. माझा एक नियम आहे. जाहिरात मागायला मी जात नाही, धाकटा भाऊ जातो. सोवळं फार कडक नाही, कबूल. पण पुढाऱ्याला निदान मला तोंडावर "परवाच तर दिली तुला" म्हणता येत नाही. भावाला म्हणतात.

औसेकर२३: पाण्याची बातमी पाठवली. सरपंचांची बाजू घ्यायला फोन केला तर ते आधी हसले, मग म्हणाले मोटार जळालीय. तेही टाकलं. आणि आज एकजण विहिरीत बुडाल्याची बातमी होती, नाव ठाण्यातून घेऊन टाकली होती. तुमचं वाचून परत फोन केला. ओळख चुलत भावाने पटवलीय, पण त्याने सांगितलेलं आडनाव आणि खिशातल्या आधार कार्डावरचं आडनाव वेगळं आहे.

रातपाळी: डेस्कला आत्ता फोन करा, मेसेज नको. नाव काढायला सांगा. 'एका तरुणाचा' एवढंच जाऊ दे. सकाळी शवविच्छेदनाला घरचं कोण येतं ते बघा.