भरतीच्या सरावाला येणारी मुले ‘दम टिकवण्याचे’ इंजेक्शन घेत आहेत. मंडळाने काय करावे?

प्रश्न : तालीम कार्यकर्ता, मंगळवार पेठ, कोल्हापूर

आमच्या मंडळातर्फे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचा सराव पहाटे घेतला जातो. शहरातल्या मुलांबरोबर पन्हाळा, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांतून येऊन येथे खोली घेऊन राहणारी मुलेही त्यात आहेत. बहुतेक जण शेतकरी घरांतले आहेत. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण १६०० मीटर धावण्याला असल्यामुळे त्यांचा सारा जीव घड्याळातल्या सेकंदांत अडकलेला असतो. अलीकडे मैदानाच्या कुंपणापलीकडे वापरलेल्या सुया आणि काचेच्या छोट्या बाटल्या सापडू लागल्या आहेत. बाटल्यांवर मेफेंटरमाईन सल्फेट असे औषधाचे नाव छापलेले आहे. विश्वासातल्या दोन मुलांना बाजूला घेऊन विचारले, तेव्हा हे ‘ताकदीचे इंजेक्शन’ असून ते घेतल्यावर दम लागत नाही आणि व्यायामशाळांतही ते चालते, असे त्यांनी सांगितले.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की ही मुले निर्व्यसनी आहेत. ती मावा खात नाहीत, दारूच्या वाटेला जात नाहीत आणि मंडळाच्या व्यसनमुक्तीच्या फेरीत पुढे चालतात. आपण नशा करतो आहोत असे त्यांच्या मनातही येत नाही. हे औषध नेमके काय आहे, मैदानावर एखादा मुलगा कोसळला तर काय करावे, आणि पोलिसांकडे गेलो तर या मुलांची भरतीच धोक्यात येईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : भूलतज्ज्ञ, राजारामपुरी

हे औषध आमच्या रोजच्या वापरातले असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. कमरेतून भूल दिल्यावर, उदाहरणार्थ सिझेरियनच्या वेळी, रुग्णाचा रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. तो सावरण्यासाठी मेफेंटरमाईन अगदी मोजक्या मात्रेत दिले जाते, आणि त्या वेळी रुग्णाची नाडी, रक्तदाब व हृदयाचा आलेख सतत डोळ्यांसमोर असतो. या औषधामुळे शरीरातील नॉरअ‍ॅड्रेनालिन बाहेर पडते, हृदय जोराने आकुंचन पावते आणि रक्तदाब चढतो. रासायनिकदृष्ट्या ते अ‍ॅम्फेटामिनच्या कुळातले आहे, त्यामुळे तरतरी येते, भूक मरते आणि थकवा जाणवेनासा होतो.

मुलांना ‘दम टिकतो’ असे जे वाटते, त्याचा अर्थ हाच आहे. स्नायूंची किंवा फुफ्फुसांची क्षमता या औषधाने वाढत नाही. थांबण्याची सूचना देणारी थकव्याची जाणीव तेवढी दाबली जाते, आणि ज्या टप्प्यावर शरीराने आपणहून वेग कमी केला असता तो टप्पा ओलांडून मुलगा धावत राहतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात शरीराचे तापमान आधीच चढलेले असताना असे धावणे उष्माघाताला आमंत्रण देते. हृदयाचे ठोके अनियमित होणे, मेंदूत रक्तस्राव होणे आणि दीर्घकाळ वापर केल्यास हृदयाचे स्नायू कमकुवत होणे हे धोके तरुण वयातही असतात. शिवाय शरीर या औषधाला लवकर सरावते. तोच परिणाम मिळावा म्हणून मात्रा वाढवत न्यावी लागते, आणि पुढे झोप उडणे, चिडचिड, विनाकारण संशय, कानात आवाज ऐकू येणे अशी मानसिक आजाराची लक्षणेही दिसू लागतात.

मैदानावर एखाद्याच्या छातीत दुखू लागले, त्याला असह्य डोकेदुखी झाली, झटका आला किंवा तो भान हरपून असंबद्ध बोलू लागला, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोपर्यंत त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग तापले असेल तर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपली असली तरी श्वास चालू असेल, तर त्याला कुशीवर वळवावे. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने व भराभर दाब देत राहावे. नाकाला कांदा किंवा चप्पल लावणे, तोंडात पाणी ओतणे, दोघांनी धरून चालवत नेणे यांपैकी काहीही करू नये. त्याने इंजेक्शन घेतल्याचे ठाऊक असेल, तर ते रुग्णालयात स्पष्ट सांगावे आणि रिकामी बाटली सोबत न्यावी. मित्र भीतीपोटी ही माहिती लपवतात, आणि मग उपचार चुकीच्या दिशेने जाण्याचा धोका असतो.

उत्तर २ : औषध विक्रेता, शाहूपुरी

डॉक्टरसाहेबांनी वैद्यकीय बाजू सांगितली आहे, म्हणून मी विक्रीपुरते लिहितो. मेफेंटरमाईन हे अनुसूची ‘एच’मधील औषध असून नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. मुलांच्या हाती पडणारा माल मात्र बहुधा दुकानाच्या काउंटरवरून नव्हे, तर परवाना नसलेल्या मध्यस्थांकडून आलेला असतो. तो कोठे व किती तापमानात साठवला होता आणि बाटलीत खरोखर तेच औषध आहे की नाही, याची कोणतीही खात्री नसते. बाटलीवरचा बॅच क्रमांक जपून ठेवावा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना त्यावरून माल कोणत्या घाऊक विक्रेत्याकडून सुटला याचा माग काढता येतो. आमच्या व्यवसायातील कोणी यात सापडला, तर त्याची गय होऊ नये असे मला मनापासून वाटते.

याच मुलांमध्ये झोपेच्या गोळ्यांची चौकशी करणारे कोणी आहेत का, तेही पाहावे. उत्तेजक औषधाने झोप उडाली की काही जण ती आणण्यासाठी अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपामकडे वळतात, आणि एका औषधाचा तोल दुसऱ्याने सावरण्याचा फेरा सुरू होतो. या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि ट्रामाडॉल हे वेदनाशामक ही अनुसूची ‘एच-१’मध्ये येतात. त्यांच्या विक्रीत रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. या गोळ्या दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून झोपेतच मृत्यू येऊ शकतो.

उत्तर ३ : जुना पैलवान, गंगावेश

आमच्या काळात दूध, तूप, थंडाई आणि पहाटेची मेहनत हाच खुराक होता. माझे स्पष्ट मत आहे की ज्याच्याजवळ सुई सापडेल, त्याला त्याच दिवशी मैदानाबाहेर काढावे आणि त्याच्या वडिलांना फोन करावा. एकाला शिक्षा झाली की बाकीचे आपोआप सरळ येतात. कुस्तीतही स्पर्धेच्या काळात हे द्रव्य घेतल्याचे तपासणीत आढळले तर खेळाडूवर बंदी येते, कारण ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहे. मग सरावाच्या मैदानावरच त्याला सवलत कशासाठी द्यायची?

उत्तर ४ : समुपदेशक, व्यसनमुक्ती क्षेत्र

वस्ताद, आपल्या शब्दाला मुलांमध्ये किती वजन आहे याची मला जाणीव आहे, म्हणूनच आदरपूर्वक वेगळे मत मांडते. मैदानाबाहेर काढलेला मुलगा इंजेक्शन सोडत नाही. तो खोलीवर एकटा घेऊ लागतो, आणि तेथे तो कोसळला तर १०८ ला फोन करणारेही कोणी नसते. गावाकडे वडिलांनी भरतीसाठी कर्ज काढलेले असते. त्यांना अचानक फोन गेल्यावर मुलाच्या मनावर जो घाव बसतो, तो कधी कधी जिवावर बेततो. उत्तेजक औषध बंद केल्यानंतरचे काही दिवस गाढ थकवा, अति झोप आणि तीव्र उदासी असते, आणि त्या काळात आत्महत्येचे विचार येऊ शकतात. शिक्षेची भाषा नेमकी त्याच दिवसांत झाली तर धोका वाढतो. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर पालकांना सांगावेच लागेल, पण ते त्याला सोबत घेऊन, समोरासमोर बसून सांगावे.

प्रश्नकर्त्या दादांनी मांडलेला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या व्यसनमुक्तीच्या फलकांवर दारूची बाटली, सिगारेट आणि फार तर गांजाचे पान असते. औषधाची बाटली तेथे नसल्याने ‘हे आपल्याला उद्देशून नाही’ असे मुलांना वाटते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तरुणांमध्ये नव्याने पसरणाऱ्या बऱ्याच पदार्थांचे असेच आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, तरीही ती फळांच्या वासाची निरुपद्रवी वाफ म्हणून मुलांच्या हाती दिली जाते, आणि तिच्यातील निकोटिनविषयी कोणी बोलत नाही. शाळकरी मुले व्हाइटनर आणि सायकलच्या दुकानातील सोल्यूशन हुंगतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा आढळला की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा १० ते १७ वयोगटात जास्त होते : मुलांमध्ये १.१७ टक्के आणि प्रौढांमध्ये ०.५८ टक्के. मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सर्वजण एमडी म्हणतात ते उत्तेजक अंमली द्रव्य, हे मुंबई-पुण्याचे दुखणे आहे असे कोल्हापुरात अजूनही मानले जाते. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातील एमडीचा माग काढला, तेव्हा तो माल शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कुपवाडपर्यंत पोहोचलेला होता.

मुलांशी बोलताना ‘तू घेतोस का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘मैदानावर हे चालू आहे असे दिसते, तुला त्याबद्दल काय ठाऊक आहे?’ अशी सुरुवात करावी, आणि उत्तर ऐकताना चेहऱ्यावर राग दिसू देऊ नये. आकर्षण कबूल करावे. सेकंद कमी व्हावेत ही इच्छा प्रामाणिक आहे आणि इंजेक्शनने तात्पुरती तरतरी येते हेही खरे आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढचे धोके ते ऐकणार नाहीत. वस्ताद, हे बोलणे आपण केलेत तर माझ्यासारखीने केलेल्या दहा व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

जो सोडू शकत नाही, त्याला सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ यांवर विनाशुल्क बोलता येते. ‘महिनाभर कोंडून सरळ करून देतो’ असे सांगणाऱ्या कोणत्याही केंद्रात मुलाला टाकू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ व्यसनाधीनतेच्या उपचारांनाही लागू होतो, आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास त्यात कोणत्याही स्वरूपात मनाई आहे.

उत्तर ५ : वकील, कसबा बावडा

भरतीविषयीच्या शंकेचे उत्तर देतो. मेफेंटरमाईन हे १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, यादीत नाही. ते स्वतः टोचून घेणाऱ्या मुलावर त्या कायद्याखाली सेवनाचा गुन्हा होत नाही. परवान्याशिवाय विकणाऱ्याला मात्र औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये किमान तीन वर्षांची शिक्षा होऊ शकते. येथे एक सावधगिरी हवी : जो मुलगा स्वतःचा खर्च भागवण्यासाठी मित्रांना बाटल्या आणून देतो, तोही कायद्याच्या दृष्टीने विक्रेताच ठरतो. गुन्हा दाखल झाल्यास भरतीतील चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो सांगावाच लागतो. ही बाब मुलांना आजच समजावून सांगावी.

एमडीची गोष्ट निराळी आहे. २०१५ पासून ते एनडीपीएसखाली असून ५० ग्रॅमपेक्षा अधिक साठ्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. त्याच कायद्यातील कलम ६४-अ फारसे कोणाला ठाऊक नसते : सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतल्यास तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. पुरवठादाराची माहिती द्यायची असल्यास अंमली पदार्थविरोधी मानस मदतवाहिनी १९३३ वर नाव गुप्त ठेवून देता येते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाटल्यांचे बॅच क्रमांक टिपून घेतले आहेत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार मंडळाच्या नावाने देत आहोत, कोणत्याही मुलाचे नाव त्यात असणार नाही. जुन्या पैलवानांशी काल फोनवर बोललो; रविवारी सरावानंतर ते स्वतः मुलांसमोर बोलायला तयार झाले आहेत. एक तातडीची गोष्ट मात्र विचारायची आहे. एका मुलाने आज सकाळी मला येऊन सांगितले की परवा रात्री खोलीवर चौघांनी एकाच सुईने इंजेक्शन घेतले. तो घाबरलेला आहे. त्याला काय सांगू?

भूलतज्ज्ञ, राजारामपुरी

त्याला काही सांगत बसण्यापेक्षा आजच, आत्ता, सोबत घेऊन सीपीआरमध्ये जावे, आणि शक्य असेल तर उरलेल्या तिघांनाही न्यावे. एकाच सुईतून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे तिन्ही संसर्ग होऊ शकतात. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर सुरू होतील तितका त्यांचा उपयोग अधिक. परवाची रात्र धरली तर जवळजवळ निम्मा वेळ आधीच गेला आहे. ती द्यायची की नाही हे तेथील डॉक्टर ठरवतील. चाचणी विनाशुल्क होते आणि निकाल गोपनीय राहतो. आजची चाचणी निगेटिव्ह आली तरी डॉक्टर सांगतील त्या तारखांना ती पुन्हा करावी लागेल. हिपॅटायटिस बीची लस पूर्वी घेतली नसेल तर पहिली मात्रा आजच मागावी. हिपॅटायटिस सी झाल्याचे पुढे आढळले, तरी तो आता गोळ्यांनी बरा होतो आणि शासकीय कार्यक्रमात उपचार मोफत मिळतात, हे त्याला वाटेत सांगावे. त्या खोलीवरील सुया कोणीही हाताने उचलू नयेत. चिमट्याने जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून, झाकण लावून रुग्णालयात द्याव्यात. मी दुपारपर्यंत मोकळा आहे. आपण निघालात की येथे कळवावे, मी तेथे येतो.