रापणकर आणि गिलनेटधारकांसाठी शाश्वत मासेमारीचे प्रशिक्षण कसे आखावे?

सिंधुसागर (मालवण तालुका)

नमस्कार. येत्या जुलैमध्ये, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या वर ओढलेल्या असताना, आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेने सुमारे ४० रापणकर (किनाऱ्यावरून ओढायचे रापण जाळे वापरणारे) आणि गिलनेटधारकांसाठी (मासा कल्ल्यांशी अडकतो असे जाळे वापरणारे) तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे ठरवले असून त्याची आखणी माझ्याकडे आली आहे. पूर्वीचा अनुभव चांगला नाही. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवत दिवसभर व्याख्याने दिली. जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि शेवटी एका वयस्क तांडेलांनी (होडीच्या प्रमुखांनी) उभे राहून विचारले, "समुद्र आम्ही रिकामा केला, की मासे खेचायला एलईडी दिवे लावून येणाऱ्यांनी?" त्यांना कोणीही उत्तर दिले नाही. तो प्रश्न टाळून पुन्हा प्रशिक्षण घेणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. शिवाय १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हापासून 'संवर्धन' हा शब्द ऐकला की येथे अनेकांना पहिली भीती मासेमारी बंद होण्याचीच वाटते. अशा लोकांना काय शिकवावे, आणि कोणी शिकवावे?

जुना विस्तार कार्यकर्ता

तांडेलांचा प्रश्न पहिल्याच सत्रात घ्यावा आणि त्याचे उत्तर कायद्याच्या आधारे द्यावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर (माशांच्या थव्याला वेढून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) निर्बंध आणले, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने प्रकाशझोतातील मासेमारीवर बंदी घातली, आणि १९८१ च्या राज्याच्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. हा कायदा आपल्या बाजूने कसा वापरावा, घुसखोर नौकेचा नोंदणी क्रमांक, वेळ आणि ठिकाण कसे टिपावे, तक्रार कोणत्या शब्दांत लिहावी, हे लहान मच्छीमाराला शिकवणे हा माझ्या मते प्रशिक्षणाचा गाभाच आहे. ज्याला स्वतःला संरक्षण मिळत नाही, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

त्यानंतर सभागृह सोडून वाळूत बसावे. गिलनेट हे मुळातच निवड करणारे जाळे आहे, कारण आसापेक्षा (जाळ्याच्या भोकापेक्षा) लहान मासा त्यातून निसटतो. म्हणून प्रत्येकाने स्वतःचे जाळे आणून आस ताणून मोजावा आणि त्यात कोणता मासा किती वाढल्यावर अडकतो, हे तांडेलांनीच सांगावे. राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली आहे. रुपेरी पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. हे आकडे पत्रकात छापून वाटण्यापेक्षा होडीच्या फळीवर खुणा कोरून द्याव्यात, कारण ओल्या हातांनी पत्रक कोणी उघडत नाही.

कासवाचा विषयही विसरू नये. जाळ्यात अडकलेले कासव किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर डिसेंबर २०१८ पासूनच्या योजनेनुसार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मात्र त्यासाठी सुटकेची छायाचित्रे लागतात, आणि लाटेवर हलणाऱ्या होडीत कापलेले जाळे व प्राणी एकाच चित्रात कसे घ्यावेत, याचा सराव किनाऱ्यावर करून घेता येतो.

सातपाटीचा डोलकर

वरील बरेचसे पटते, पण फळीवरच्या खुणा आमच्या कामाच्या नाहीत. आमची डोल, म्हणजे पिशवीसारखे जाळे, खुंटांना बांधलेली असते, भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर जे येईल ते आत शिरते, आणि जवळा व बोंबील मिळावेत म्हणून शेवटच्या खोळ्याचा (जाळ्याच्या टोकाच्या पिशवीचा) आस बारीक ठेवावा लागतो. त्या खोळ्यात तळहाताएवढीही नसलेली पापलेटची पिल्ले येतात आणि जाळे वर येईपर्यंत मेलेली असतात. मेलेल्या माशाची लांबी मोजून काय साधणार? निर्णय जाळे लावण्यापूर्वीच व्हायला हवा, म्हणजे कोठे लावायचे, कोणत्या दिवसांत लावायचे आणि खोळ्याचा आस किती ठेवायचा. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला याचा आम्हाला अभिमान आहे, पण मी एकट्याने आस मोठा केला तर माझा जवळा जातो आणि शेजारच्या डोलीत पिल्ले अडकतच राहतात. म्हणून आपण तिसऱ्या दिवशी संस्थेचा ठराव करून घ्यावा. सर्वांनी एका दिवशी एकच आस स्वीकारला, तरच तो टिकतो.

रापणीला मात्र एक संधी आहे, जी डोलीला नाही. रापण ओढताना मासा किनाऱ्याजवळ जिवंत येतो. खोळ गुडघाभर पाण्यात असतानाच दोघा-तिघांनी पिल्ले बाहेर सोडायची सवय लावून घ्यावी. एकदा वाळूवर ओढले की संपले.

मासळीवाली, वेंगुर्ला

दादा, ४० जणांच्या यादीत एकही बाई दिसत नाही. पिल्ले विकली जातात ती आमच्या टोपलीतून, आणि गिऱ्हाईक विचारते तेही आम्हाला. गेल्या वर्षी मी इसवणाची (सुरमईची) लहान पिल्ले लिलावात घ्यायचे सोडले. पहिले काही आठवडे नुकसान सोसले, मग आमच्या ओळीतल्या आणखी चौघींनीही सोडले आणि ती पिल्ले लिलावात पडून राहू लागली. दुसरे असे की, मासा कमी पकडायला सांगत असाल, तर आहे त्या माशाला जास्त भाव कसा मिळेल हेही सांगा. किलोला किलो बर्फ लावलेला बांगडा आणि उन्हात तापलेल्या होडीत पडलेला बांगडा यांच्या भावातला फरक आम्ही रोज पाहतो. ते सत्र घ्यायला मी येईन.

सिंधुसागर (मालवण तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या दिवशी सकाळी कायदा आणि तक्रारलेखन घेईन, आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या तांडेलांनाच दुपारी वाळूत आस मोजण्याचे सत्र घ्यायला विनंती करीन. ताई, दुसरा दिवस आपला. आपल्यासोबत त्या चौघींनाही आणावे. डोलकर दादा, ठरावाचा आपल्या संस्थेचा एखादा मसुदा असेल तर कृपया येथेच द्यावा, म्हणजे आमच्या सभेपुढे जुलैआधी ठेवता येईल.